लाइन २०० ची, मिळतो ९४, आणि रात्री पिंग ५०० : एका गेमिंग राऊटरच्या लिमिटची पूर्ण केस

मावसभावाचा फोन आला, "दादा, हा राऊटर काढून दुसरा घेऊ का, याने काही होत नाहीये." गेमिंग राऊटर म्हणून घेतलेला, लाइन २०० एमबीपीएसची, आणि रात्री नऊ वाजले की पिंग (म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलीसेकंदात) २० वरून थेट ५००-६०० ला. गेममध्ये समोरचा माणूस इथून तिथे उडी मारल्यासारखा दिसायचा, गोळी आधी लागायची आणि मारणारा नंतर दिसायचा. फोनमध्येच मागून मावशीचा आवाज, "त्याला म्हणावं आधी माझी मीटिंग नीट कर, परवापासून माझा व्हिडिओच जात नाहीये कुणाला." मी म्हणलं काही घेऊ नको, कुठल्या सेटिंगला आता हातही लावू नको, मी येतोय. दोन दिवस तिथे होतो आणि जे सापडलं ते सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, कारण बिघाड एक नव्हता, पाच होते, आणि एकामुळे दुसरा झाकला जात होता.

घरात काय काय होतं ते आधी सांगतो. लाइन देणाऱ्या कंपनीचा मोडेम, त्याच्या पुढे हा गेमिंग राऊटर, राऊटरला वायरने गेमिंग पीसी, वायफायवर मावशीचा लॅपटॉप, मावसबहिणीचा फोन, बाकीचे फोन आणि एक टीव्ही. लाइन २०० डाऊनलोड आणि २० अपलोड. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढची निम्मी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आधी इतिहास विचारला

मी गेल्या गेल्या सेटिंगचं पान उघडलं नाही. भावाला बसवलं आणि विचारलं कधी काय बदललं ते आठवून सांग. याला अर्धा तास गेला पण तोच सगळ्यात कामाचा अर्धा तास होता असं आता वाटतं.

राऊटर आणला तेव्हा लाइन ५० डाऊन, १० अप अशी होती. पहिल्यांदा लावताना राऊटरने क्यूओएससाठी (म्हणजे लाइनवर कुणाचं आधी आणि किती जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) लाइनचा स्पीड विचारला, तिथे त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून थोडं कमी करून ४८ आणि ९ टाकलं. एक वर्ष काही तक्रार नाही. मग प्लॅन वाढवून २००/२० केला, तरी स्पीड टेस्टला ४७-४८ च येत राहिले. कंपनीला दोनदा फोन केला, त्यांनी मोडेमपर्यंत तपासून सांगितलं की आमच्याकडून पूर्ण येतंय, आणि ते खरंच होतं. मग याने राऊटरमध्ये शोधता शोधता बँडविड्थ लिमिटर नावाचं पान काढलं, ते चालू केलं, घरातल्या बाकीच्यांना एकेक लिमिट लावलं, आणि पीसीचा स्पीड ४८ वरून एकदम ९४ झाला. त्याला वाटलं बाकीच्यांना आवळल्यामुळे आपल्याला जास्त मिळायला लागलं.

खरं काय झालं होतं, तर या राऊटरमध्ये क्यूओएस आणि बँडविड्थ लिमिटर हे एकाच ड्रॉपडाऊनमधले दोन पर्याय आहेत, एक निवडला की दुसरा आपोआप बंद. त्यामुळे लिमिटर चालू केल्याबरोबर जुनं ४८/९ वालं क्यूओएस बंद पडलं, म्हणजे जुन्या प्लॅनचा आकडा जो नव्या लाइनला दाबून ठेवत होता तो निघाला, आणि स्पीड वाढला. पण त्या ४८/९ मुळे एक चांगली गोष्टही होत होती ती पण त्याच क्लिकमध्ये गेली. मी विचारलं रात्रीचा लॅग कधीपासून, तो थोडा वेळ आठवत बसला आणि म्हणाला, "दादा, त्याच आठवड्यापासून की."

तेव्हा मला अर्धं कळलं होतं, पण अंदाजावर सेटिंग बदलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मोजायला घेतलं.

मोजमाप

दोन विंडो उघडल्या, एकात राऊटरला पिंग, दुसऱ्यात बाहेरच्या एका सर्व्हरला पिंग, दोन्ही मायनस टी लावून म्हणजे बंद करेपर्यंत चालू. हे दोन वेगळे ठेवायचं कारण असं की राऊटरपर्यंतचाच पिंग नाचत असेल तर दोष घरातल्या वायरचा किंवा वायफायचा, आणि राऊटरपर्यंत शांत असून बाहेरचा नाचत असेल तर दोष राऊटरच्या पुढे. पीसीवरून राऊटर कायम १ मिलीसेकंदाच्या आत. बाहेरचा निवांत वेळी १४-१५. चांगलं.

मग मुद्दाम लाइन भरली. मोठा डाऊनलोड लावला, बाहेरचा पिंग ५०-६० झाला. तो थांबवून मोठा अपलोड लावला आणि पाच सेकंदात आकडे १५, ४०, १८०, ३९०, ५१०. भाऊ मागे उभा होता, म्हणाला हेच, रात्री हेच होतं. राऊटरचा पिंग तेव्हाही १ च.

म्हणजे दुपारी दोन वाजताही हवं तेव्हा लॅग आणता येत होता. माझ्या मते दुरुस्तीचा खरा टप्पा हाच असतो, बिघाड आपल्या हाताने आणता आला पाहिजे, नाहीतर सेटिंग बदलायचं आणि रात्रीची वाट बघायची आणि रात्री योगायोगाने बरं चाललं की सुटलं म्हणायचं, यात महिने जातात.

आता ५०० मिलीसेकंद येतात कुठून ते बघा. मोडेमच्या पोटात एक बफर असतो, बाहेर जायला थांबलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्यात रांगेत उभी राहतात. लाइनचा अपलोड २० एमबीपीएस आणि फोनने वायफायवरून १०० च्या वेगाने व्हिडिओ ढकलायला घेतला तर जादाचं सगळं रांगेत. अर्धा सेकंद उशीर म्हणजे २० एमबीपीएसच्या हिशोबाने १० मेगाबिट, म्हणजे सव्वा मेगाबाइट माल रांगेत उभा. गेमचं छोटंसं पॅकेट आलं की त्याला या सव्वा मेगाबाइटच्या मागे उभं राहावं लागतं. व्हॅलोरंट या गेमचे सर्व्हर १२८ टिकचे आहेत, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतात, साधारण ८ मिलीसेकंदाला एक टिक, म्हणजे अर्ध्या सेकंदात ६४ टिक निघून जातात तेव्हा आपलं बटण दाबलेलं पोचतं.

गेमला लाइन कमी पडत नव्हती. बहुतेक ऑनलाइन गेम खेळताना १ एमबीपीएसच्या आतच काम भागतं. याचा पिंग ५०० होता तेव्हाही त्याला लागणारा स्पीड मिळतच होता, फक्त रांगेत उशिरा मिळत होता. मला हे त्याला तीन वेळा समजवावं लागलं कारण राऊटरच्या पानावर सगळीकडे बँडविड्थ, बँडविड्थ असंच लिहिलेलं आणि त्यामुळे डोक्यात बसतं की पीसीला जास्त दिलं की लॅग जाईल.

९४ चा आकडा

रांगेचं बाजूला ठेवून आधी स्पीड धरला, कारण लाइनची खरी क्षमता कळल्याशिवाय कुठलाही लिमिटचा आकडा टाकता येत नाही. लिमिटर, क्यूओएस, सगळं बंद केलं, राऊटर रीस्टार्ट केला, पीसीवर टेस्ट. ९४. पुन्हा ९४. तिसऱ्यांदा ९४.२.

हा आकडा बघितला की सेटिंग शोधायचं थांबवावं. ९४-९५ हा १०० एमबीपीएसच्या नेटवर्क पोर्टचा आकडा आहे. १५०० बाइटच्या पॅकेटमागे तारेवर प्रत्यक्षात १५३८ बाइट जातात आणि त्यात खरा माल १४६० च्या आसपास, भागाकार करून बघा, ९४-९५ टक्केच येतात. लिमिट लावल्यामुळे स्पीड अडकला असता तर आकडा जो टाकलाय त्याच्या जवळपास असता. राऊटरच्या स्टेटस पानावर बघितलं तर वॅन पोर्ट (मोडेमकडून लाइन येते तो) १०० वर जोडलेला दिसत होता, १००० वर पाहिजे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे एखादी जोडी तुटली की नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येऊन चालत राहतं. मोडेम ते राऊटर मधली केबल कपाटाच्या पायाखाली दाबली गेलेली होती. दुसरी केबल लावली, वॅन १००० झाला, टेस्ट १९६.

५० च्या प्लॅनमध्ये ही केबल खराब असती तरी कळलं नसतं, आणि ४८ चं लिमिट होतं तोपर्यंतही कळलं नसतं. लिमिट काढलं तेव्हा ९४ दिसले आणि दुप्पट झालं याचा आनंद एवढा की २०० का नाही हे कुणी विचारलंच नाही.

मावशीचा लॅपटॉप

मग लिमिटरचं पान परत उघडलं, त्याने काय काय लिहून ठेवलं होतं ते बघायला. मावशीच्या लॅपटॉपला डाऊनलोड ३०,०००, अपलोड १२८. मी विचारलं १२८ कशाचे, तो म्हणाला १२८ केबी, म्हणजे साधारण १ एमबीपीएस, हिशोब करूनच टाकलंय. हिशोब बरोबर होता, बॉक्स चुकला होता. एक बाइट म्हणजे आठ बिट, १२८ किलोबाइट म्हणजे १,०२४ किलोबिट, पण बॉक्सच्या शेजारी किलोबिट लिहिलेलं होतं, छोटा बी. म्हणजे मावशीला १ एमबीपीएसच्या ऐवजी त्याचा आठवा भाग मिळत होता. १२८ किलोबिटमध्ये आवाज कसाबसा जातो, व्हिडिओ जात नाही. म्हणून तिचा चेहरा जात नव्हता.

पण मावशी अजून एक म्हणत होती की नुसती फाइल उतरवायची असली तरी पण हळू, आणि भावाचं म्हणणं की डाऊनलोडला मी ३० दिलेत, ते तर भरपूर आहेत. दोघंही खरं बोलत होते. टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायच्या नेहमीच्या पद्धतीत, माल उतरताना उलट दिशेने पोचपावती जात असते, साधारण दर दोन मोठ्या पॅकेटमागे एक, आणि पावती मिळाली नाही की समोरचा पुढचा माल पाठवायचा थांबतो. एक पावती ५० बाइटच्या आसपास धरली तर १२८ किलोबिटमध्ये सेकंदाला तीनशेच्या वर थोड्या पावत्या बसतात, तीनशे पावत्या म्हणजे सहाशे पॅकेट, म्हणजे ७ एमबीपीएस. त्यामुळे डाऊनलोडला ३० लिहा नाहीतर ३०० लिहा, अपलोड १२८ असताना सातच्या वर जाणं अवघड, आणि त्यात मीटिंगचा आवाज पण त्याच अपलोडमधून जात असेल तर सात पण नाही. आम्ही टेस्ट लावली, ५.८ आले. अपलोडचा आकडा ३,००० केला, बाकी काही न बदलता, डाऊनलोड २९ ला पोचला. मावशी म्हणाली, "एवढंच होतं?" हो, एवढंच होतं.

म्हणून कुणाला डाऊनलोडचं लिमिट लावूनही विचित्र कमी स्पीड येत असेल तर आधी अपलोडच्या बॉक्सकडे बघा. २०० चा डाऊनलोड पूर्ण वेगाने चालवायला नुसत्या पावत्यांनाच साडेतीन-चार एमबीपीएस अपलोड लागतो.

एका फोनचे दोन पत्ते

आता रात्री नऊलाच लॅग का, तर मावसबहिणीचा फोन. नऊच्या सुमारास ती चार्जिंगला लावते, चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळालं की फोटो-व्हिडिओचा बॅकअप सुरू होतो, दिवसभरातले सगळे व्हिडिओ एकदम वर जातात. भावाला हे माहीत होतं, त्याने तिच्या फोनला २,००० चं अपलोड लिमिट लावलेलं पण होतं. नियम यादीत दिसतोय, टिक केलेला आहे, आणि फोन मजेत २० च्या २० खातोय.

नियम मॅक पत्त्यावर, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावर, चालतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा मॅक पत्ता न सांगता प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनवलेला पत्ता सांगतो, माग काढता येऊ नये म्हणून, आणि ते चांगलंच आहे. पण यांच्या राऊटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगवेगळी होती. नियम बनवला तेव्हा फोन २.४ वर होता, नंतर ती ५ वर गेली, राऊटरच्या दृष्टीने ते दुसरंच कुठलंतरी यंत्र. यादीत नियमाच्या शेजारी फोन ऑफलाइन दिसत होता आणि खाली एक बिननावाचं यंत्र चालू होतं, ते कुणी बघितलं नव्हतं.

यावर उपाय असा की फोनमध्ये फक्त घरच्या वायफायपुरता खरा मॅक वापर असं सांगता येतं, किंवा त्या नव्या पत्त्यावर दुसरा नियम. आम्ही यातलं काहीच केलं नाही. कारण तोपर्यंत मला पक्कं वाटायला लागलं होतं की एकेका यंत्राला आवळायची ही पद्धतच इथे चुकीची आहे. आज बहिणीचा फोन, उद्या पाहुण्याचा, परवा लॅपटॉपचा अपडेट, किती नियम लिहिणार, आणि बॅकअप रात्री एकटाच चालू असेल, कुणी खेळत नसेल, तरी त्याला २ एमबीपीएसमध्येच कशाला रखडवायचं.

रांग मोडेममधून राऊटरमध्ये आणली

करायचं काय तर सगळ्या घराचं मिळून एकच लिमिट, लाइनच्या खऱ्या क्षमतेपेक्षा थोडंसं कमी. मग मोडेमचा बफर कधी भरतच नाही, रांग लागते ती राऊटरमध्ये, आणि राऊटरला रांग नीट लावता येते. जुन्या ४८/९ मुळे नकळत हेच होत होतं. मोडेम आलेलं तसं एकामागे एक उभं करतो. राऊटर प्रत्येक कनेक्शनची वेगळी छोटी रांग करून आळीपाळीने एकेकाला सोडू शकतो, म्हणजे गेमचं एकुलतं पॅकेट बॅकअपच्या हजार पॅकेटांच्या मागे थांबत नाही.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास हा विषय लावून धरला आणि हे नाव रूढ केलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली, तिच्यात रांग किती लांब आहे ते बघत नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघतात, आणि ५ मिलीसेकंदांपेक्षा जास्त वेळ सतत लागत राहिला तर एखादं पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू हो असा इशारा देतात. तिच्यात वेगवेगळ्या रांगा जोडून फेअर क्यू कोडेल झालं, २०१८ मध्ये केक नावाची त्याच्या पुढची आवृत्ती लिनक्स ४.१९ मध्ये आली. ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरवर टाकायच्या मोफत सिस्टिममध्ये हे एसक्यूएम नावाने मिळतं. हे सगळं फुकट आणि उघडं उपलब्ध असलेलं काम आहे आणि मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण करोडो घरांमधला एक त्रास त्यांनी मुळापासून समजून घेऊन सोडवला. आमच्या राऊटरमध्ये क्यूओएसच्या आत फेअर क्यू कोडेल निवडायची सोय होती, फक्त ती प्रायॉरिटीच्या रंगीत पानाच्या खाली दोन क्लिक आत लपलेली.

लिमिटर पूर्ण बंद, एकेकाचे सगळे नियम पुसले, क्यूओएस चालू, आणि लाइनचा स्पीड हाताने टाकला. ऑटोमॅटिक मोज म्हणून पर्याय होता, तो मी घेतला नाही, कारण ज्या क्षणी मोजतो तेव्हा लाइन कशी असेल सांगता येत नाही. अपलोड आधी, कारण दुखणं तिथे होतं. १७,००० टाकून अपलोड भरला, पिंग १९-२२. १८,००० टाकून २०-२४. १९,००० वर मधूनच ४५, १९,५०० वर परत १५०-२००. म्हणजे कड कुठे आहे ते दिसलं, १८,००० वर ठेवला. डाऊनलोडला १९०,००० वर दुपारी छान होतं, रात्री थोडं नाचत होतं, म्हणून १८०,०००.

भाऊ म्हणाला, २०० पैकी २० डाऊनलोड सोडून द्यायचे का? हा प्रश्न सगळेच विचारतात आणि बरोबर आहे विचारणं. डाऊनलोडमध्ये अडचण अशी की पॅकेट राऊटरपर्यंत येतात तेव्हा लाइन ओलांडून आलेलीच असतात, रांग पलीकडे कंपनीच्या टोकाला लागलेली असते. राऊटर फक्त एवढंच करू शकतो की आपल्याकडे मुद्दाम थोडी कमी गती धरून पाठवणाऱ्याला हळू करायचं, आणि त्यासाठी जरा मोकळी जागा लागतेच. ८० जीबीचा गेम अपडेट १९६ ने उतरवला तर ५४ मिनिटं, १८० ने उतरवला तर साधारण तासभर. पाचसहा मिनिटांच्या बदल्यात घरातलं दुसरं कुणी अडत नाही.

इथे एक गोष्ट बदलायला तो नाखूष होता. प्रायॉरिटीमध्ये त्याने पीसीला सगळ्यात वर ठेवलेलं. मी काढायला लावलं. पीसीला वर ठेवलं की फक्त गेमची छोटी पॅकेट वर जात नाहीत, त्याच पीसीवर चालू असलेला ८० जीबीचा अपडेट पण वर जातो, आणि मावशीची मीटिंग खाली.  वेगवेगळ्या रांगा असल्या की गेमला प्रायॉरिटी मागावीच लागत नाही, त्याची रांग कायम रिकामीच असते, आलं पॅकेट की लगेच सुटतं.

अजून एक बघून घेतलं, प्रोसेसर. क्यूओएस चालू केलं की बऱ्याच राऊटरमध्ये हार्डवेअर अॅक्सेलरेशन (प्रोसेसरला न विचारता पॅकेट परस्पर पुढे सोडायची सोय) बंद पडतं आणि प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हाताळावं लागतं. १८० ला याचा प्रोसेसर साठ टक्क्यांच्या आसपास होता, चालेल. ५०० किंवा गिगाबिटची लाइन असती तर हाच राऊटर मध्येच दमला असता आणि तेव्हा फक्त अपलोडवर लिमिट ठेवून डाऊनलोड मोकळं सोडणं हा मधला मार्ग मी घेतला असता.

रात्री नऊला बहिणीने फोन चार्जिंगला लावला, बॅकअप सुरू झाला, राऊटरच्या पानावर अपलोड १८ ला भिडलेला दिसत होता, गेममध्ये पिंग २३. भाऊ सलग चार मॅच खेळला.

दुसरी रात्र

मी निघायच्या तयारीत आणि साडेदहाला त्याने हाक मारली, "दादा, परत." आता ५०० नव्हतं, पण दर काही सेकंदांनी २० वरून ८०-९०, परत २०, परत ८०. घड्याळ लावल्यासारखं. राऊटरच्या पानावर बघितलं तर घरात कुणीच काही मोठं उतरवत नव्हतं, एकूण डाऊनलोड ५ एमबीपीएस. लाइन अडलेली दिसतेय आणि राऊटरच्या हिशोबात वापर नाही, हे कसं.

बराच वेळ मी क्यूओएसच्याच आकड्यांत शोधत बसलो, डाऊनलोड १६०,००० करून बघितला, काही फरक नाही. मग खोलीत आवाज आला तेव्हा लक्षात आलं, टीव्ही चालू आहे. आणि टीव्ही राऊटरच्या यादीत नव्हताच. तो मोडेमच्या वायफायवर होता, पहिल्या दिवशी कंपनीच्या माणसाने जोडून दिलेला तसाच. राऊटरच्या आधीच जोडलेला असल्यामुळे राऊटरला तो दिसत नाही, त्याच्या लिमिटमध्ये येत नाही. आणि व्हिडिओ सलग येत नाही, तुकड्या-तुकड्याने येतो, काही सेकंदांचा तुकडा मिळेल त्या वेगाने ओढून घेतो, मग थांबतो, मग पुढचा. प्रत्येक तुकड्याला क्षणभर लाइन भरत होती आणि तो प्रत्येक धक्का पिंगमध्ये दिसत होता.

टीव्ही राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झवर घेतला, मोडेमचं वायफाय बंद केलं, म्हणजे आता घरातलं सगळं राऊटरमधूनच जाणार. तोच व्हिडिओ परत लावला, पिंग १८ ते २५. डाऊनलोडचा आकडा परत १८०,००० केला.

जाण्याआधी एका कागदावर सगळं लिहून राऊटरच्या खालीच चिकटवलं: डाऊनलोड १८०,०००, अपलोड १८,०००, दोन्ही किलोबिटमध्ये, कुठल्याही यंत्राला वेगळं लिमिट नाही, मोडेमचं वायफाय बंद. आणि खाली मोठ्या अक्षरात, प्लॅन बदलला की हे दोन आकडे त्याच दिवशी बदलायचे. आधी क्यूओएस बंद करून खरा स्पीड मोजायचा, मग त्याच्या ८५ टक्क्यांपासून सुरू करून पिंग बघत वर जायचं.

पंधरा दिवसांनी भावाने स्क्रीनचा फोटो पाठवला, अपडेट २१ एमबी (मेगाबाइट) पर सेकंदाने, म्हणजे १६८ एमबीपीएसने उतरतोय, त्याच वेळी मावशीची मीटिंग चालू, आणि पिंग २४. खाली त्याने विचारलं होतं की आतल्या खोलीत फोनवर खेळताना मात्र अजून कधी कधी ६०-७० होतो, लिमिट अजून कमी करू का. मी कळवलं, करू नको, आधी फोनवरून राऊटरला पिंग मारून बघ. त्याने मारला, राऊटरपर्यंतच ५० लागत होते. ते वायफायचं आहे, भिंतीचं किंवा चॅनलचं, क्यूओएसच्या आकड्यांनी ते सुटणार नाही. पुढच्या वेळी जाईन तेव्हा आतपर्यंत एक केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा जादा डबा, बसवायचा ठरलंय.